फ्रिजवरचा घड

चालत्या मोटरसायकलवरून द्राक्षाच्या पानाकडे नुसती नजर टाकून रोगाचं नाव सांगणारा माणूस म्हणून अख्खा दिंडोरी तालुका मला ओळखतो. निदान मी तरी लोकांना तसं सांगत आलोय.

सव्वीस वर्षं मी एका औषध कंपनीत काढली. औषध म्हणजे माणसांचं नव्हे, बागांचं. भुरी, डावणी, करपा ही रोगांची नावं मी माझ्या सख्ख्या भाच्यांच्या नावांपेक्षा जास्त वेळा उच्चारली आहेत. मग कंपनीत एक नवा साहेब आला. वयाने माझ्या बुटांएवढा. पहिल्याच दिवशी त्याने मला विचारलं, "काका, तुम्हाला प्रेझेंटेशन बनवता येतं का?" प्रेझेंटेशनचं एक वेळ मी सोडून दिलं असतं, 'काका'वर राजीनामा दिला. निरोपाच्या समारंभात असं भाषण ठोकलं, की समोसे वाढणारा माणूससुद्धा ट्रे हातात धरून थांबला. त्या भाषणाच्या भरात मी जाहीर करून टाकलं, की उद्यापासून मी स्वतंत्र द्राक्ष सल्लागार. नाव, 'वेलबंध कृषी सल्ला'. (हे नाव मला त्या क्षणी सुचलं. घरच्यांना ते दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवरून कळलं.)

माझी बायको सुलभा शाळेत गणित शिकवते. तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "छाटणीपर्यंत बघू. तोवर एकही गट मिळाला नाही, तर विलासच्या दुकानात बसायचं."

हे वाक्य नीट समजून घ्या, कारण पुढचे तीन आठवडे मी याच वाक्याखाली झोपत होतो. आमच्याकडे ऑक्टोबर छाटणीच्या आधी शेतकऱ्यांचे गट आपापला सल्लागार ठरवतात. एकदा कात्री लागली, की तोडणीपर्यंत तुम्हाला कुत्रं विचारत नाही. आणि विलास म्हणजे सुलभाचा धाकटा भाऊ. पाथर्डी फाट्याला त्याचं टाइल्सचं दुकान आहे. त्याने माझ्यासाठी काउंटरमागे फिरती खुर्ची आणूनसुद्धा ठेवली होती. वरचं प्लास्टिक काढलं नव्हतं, एवढीच काय ती माझ्या कर्तृत्वावर त्याची श्रद्धा.

भाद्रपद उजाडला तरी एकच बोलावणं आलं होतं. वणीच्या वाटेवरच्या एका गावातल्या चौदा बागायतदारांचा गट. त्यांचे म्होरके आप्पा. फोनवर आप्पा म्हणाले, "पंधरा दिवसांनी, बुधवारी या, साहेब. आणखी एक सल्लागार बी येतोय. दोघांचं ऐकू, एकाला ठेवू. तुमचं काय ते कार्ड-बिर्ड, बॅनर घेऊन या. मागल्या वर्षीचा तर कागदाचा कपटा बी न आणता आला होता, अन् गेला बी तसाच."

कार्ड आणि बॅनर म्हटल्यावर लोगो आला.

आमची मुलगी गौरी पुण्याला डिझाइनचं शिकते. गणपतीच्या सुट्टीला घरी आली होती. तिने दोन दिवस खोलीचं दार लावून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला. पांढऱ्या पडद्यावर एकच हिरवी रेघ. ती रेघ कुठेही न तुटता द्राक्षाच्या पानाचा आकार घेत होती आणि शेवटी वेलीच्या तणाव्यासारखी वळून 'वेलबंध'मधल्या 'वे'ला जाऊन बिलगत होती.

"छान आहे," मी म्हणालो. "पण यात मी कुठे आहे?"

"तुम्ही?"

"सव्वीस वर्षांचा अनुभव, गौरी. तो एका रेघेत कसा बसेल?"

"बाबा, लोगो आहे. बायोडेटा नाही."

इथे मी थांबायला हवं होतं. पण आमच्या कंपनीत कुठलाही कागद सात टेबलांवरून शेरे घेतल्याखेरीज पास होत नसे, आणि कंपनी सुटली तरी सवय सुटली नव्हती. मी त्या लोगोची रंगीत प्रिंट काढली, फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावली आणि शेजारी सुतळीला एक पेन टांगलं. नियम एकच. जो फ्रिज उघडेल त्याने आधी शेरा लिहायचा, खाली सही आणि तारीख.

"म्हणजे दही काढायचं असेल तरी?" सुलभाने विचारलं.

"तरी."

"बाबा, लोगो असा बनत नाही," गौरी म्हणाली.

"मग कसा बनतो?"

"एक जण बनवतो आणि बाकीचे गप्प बसतात."

"आपल्या घरात?" मी विचारलं. तिने लॅपटॉप उचलला आणि खोलीत गेली.

पहिला शेरा माझाच. 'फक्त पान पाहून ग्राहकास भाजीचा धंदा वाटू शकतो. घड असावा.' घड आला. मग मी लिहिलं, 'घडात ताजेपणा दिसत नाही. पहाटेचं दव दाखवावे.' गौरीने प्रत्येक मण्यावर पांढरा उजेडाचा ठिपका टाकला. मी लिहिलं, 'दव अजून हवे.' तिने ठिपका मोठा केला. मी लिहिलं, 'अजून.' या 'अजून'खाली मी चार वेगवेगळ्या तारखांच्या चार सह्या केल्या आहेत. तो कागद आजही घरात आहे आणि भांडणात पुरावा म्हणून निघतो.

सुलभाला त्या कागदाचा उपयोग वेगळाच सुचला. तिने आठव्या शेऱ्यात लिहिलं, 'कोथिंबीर संपली.' संध्याकाळी गौरी कागद घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. चेहरा इतका शांत, की मला भीती वाटली.

"शेरा क्रमांक आठ. कोथिंबीर घडाच्या वर घालू की खाली?"

पोरगी चिडली होती हे मला तेव्हा कळायला हवं होतं. चिडलेला डिझायनर भांडत नाही. तुम्ही सांगाल ते सगळं करतो.

अशात रविवारी विलास जेवायला आला. पाणी प्यायला फ्रिज उघडायला गेला आणि तिथेच अडकला.

"दाजी, हे तुमचं मॅट फिनिश झालंय."

"म्हणजे?"

"चकाकी नाही. वीस वर्षं टाइल्स विकतोय मी. गिऱ्हाईक दारातून आत येतं ते चकाकीवर. मण्यांना ग्लॉसी करा. आणि हे पान एवढं सपाट काय? त्याला जरा मार्बलचा इफेक्ट द्या. मधेमधे पिवळसर छटा. आजकाल लोक प्लेन घेतच नाहीत."

"मामा, ते पान आहे, बाथरूम नाही," गौरी म्हणाली.

"पानाला बॉर्डर पण पाहिजे. चॉकलेटी. बॉर्डरशिवाय कुठलंच काम फिनिश वाटत नाही." मग माझ्याकडे वळून, पोळीचा तुकडा मोडत, "अर्थात तुमची मर्जी. नाही जमलं, तर आपली खुर्ची आहेच."

ती खुर्ची डोळ्यांसमोर फिरली आणि माझा सगळा कणा वितळला. तिन्ही सूचनांखाली मी स्वतःच्या हाताने 'मान्य' लिहिलं.

शेवटची आवृत्ती आली तेव्हा गुरुवार होता. मी चष्मा लावून, चष्मा काढून, दोन पावलं मागे जाऊन, पंख्याखाली उभं राहून ती पाहिली. मण्यांवर दव, पानावर सोनेरी ऊन, कडेला रुबाबदार चॉकलेटी किनार. मला वाटलं, हा घड आता बोलेल.

"आता कसा भारदस्त वाटतोय," मी म्हणालो.

सुलभा म्हणाली, "मला काहीतरी खटकतंय."

"काय?"

"ते सांगता येत नाही. पण मुलांच्या वहीत उत्तर चुकलेलं असलं, की पायरी बघायच्या आधीच मला कळतं. तसं वाटतंय."

"हे गणित नाही, सुलभा. हे डिझाइन आहे," मी म्हणालो.  गौरीने लॅपटॉप मिटला, एवढाच आवाज झाला.

पण घाई सुरू झाली ती वेगळ्याच कारणाने. रविवारपासून पितृपक्ष लागत होता. आमच्या घरात पितृपक्षात नवी वस्तू आणत नाहीत; साधा झाडू जरी आणायचा, तरी सुलभा पंधरा दिवस जुन्यावर काढते. म्हणजे बॅनर आणि कार्डं शनिवारी, दिवस मावळायच्या आत घरात हवीत. शनिवारी दुपारी मी सलीमभाईंच्या छपाईच्या दुकानात धडकलो. सलीमभाई शालिमारजवळ चाळीस वर्षं छपाई करतात. आधी लग्नपत्रिका, आता फ्लेक्स. त्यांनी पडद्यावर घड मोठा करून बघितला आणि मान वाकडी केली.

"साहेब, या पांढऱ्याखाली काळी सावली दिलीय. पडद्यावर चमकतंय, पण फ्लेक्सवर राखाडी उतरेल. आधी हातभर तुकडा काढून दाखवतो. उद्या सकाळी बघा, मग पूर्ण छापू."

"उद्या पितृपक्ष."

"छापायला कुठे पितृपक्ष असतो?"

"घरात आणायला असतो."

सलीमभाईंनी मशीन सुरू केलं. "ठीक आहे. पण नेताना एकदा उघडून बघा."

मी उघडून बघितलं का? नाही. कारण त्याच वेळी सुलभाचा फोन आला, की सूर्य सोमेश्वरच्या बाजूला टेकलाय. सहा फुटांची गुंडाळी रिक्षातून अर्धी बाहेर काढून मी घरी आणली. सुलभाने ती दारातच घेतली, तिला आणि कार्डांच्या खोक्याला हळदकुंकू लावलं, दोन्हींना दोरा बांधला आणि देवापुढे ठेवलं. "आता हे थेट कामाच्या ठिकाणीच उघडायचं. मधे सोडायचं नाही."

म्हणजे शनिवार ते बुधवार आमचं सगळं भवितव्य देवघरात गुंडाळून पडलं होतं आणि ते कसं दिसतं, हे फक्त देवाला माहीत होतं. देव काही बोलला नाही.

बुधवारी विलासच्या व्हॅनमधून आम्ही निघालो. विलास गाडी चालवायला, गौरी फ्लेक्सचं एक टोक धरायला. (सुलभाची शाळेत चाचणी होती. 'काय होईल ते लगेच कळवा' एवढंच म्हणाली. पण 'लगेच' हा शब्द ती सहसा वापरत नाही.) वाटेत गौरी खिडकीबाहेर बघत होती आणि विलास मला दुकानातल्या साप्ताहिक सुट्टीबद्दल माहिती देत होता.

आप्पांच्या पॅकिंग शेडमध्ये चौदा शेतकरी उलट्या ठेवलेल्या क्रेट्सवर बसले होते. दुसरा सल्लागार आमच्या आधीच आला होता. तिशीचा, दाढी कोरलेली, हातात टॅब. त्याने ड्रोनमधून काढलेल्या बागा दाखवल्या. हिरव्यागार, एकसारख्या, केस विंचरल्यासारख्या. वीस मिनिटांत एकही वाक्य अडलं नाही. शेवटी त्याने आपला बॅनर लावला. पांढऱ्या कापडावर एकच हिरवी रेघ. तिचं पान झालेलं.

गौरीने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं वर्णन मी करणार नाही. तिचं लग्न व्हायचंय अजून.

"या साहेब, आता तुमचं," आप्पा म्हणाले.

 मी दोरा सोडला. विलासने एक टोक धरलं, गौरीने दुसरं, आणि फ्लेक्स उलगडला.

मी शेतकऱ्यांकडे तोंड करून उभा होतो, त्यामुळे मला फ्लेक्स दिसत नव्हता. मला चौदा चेहरे दिसत होते. ते आधी कौतुकाने वर आले. मग थांबले. मग पहिल्या रांगेतल्या एकाने तोंडाशी नेलेला चहाचा कप खाली ठेवला. शेडच्या पत्र्यावरून एक कबुतर चालत गेलं, त्याची नखं मला ऐकू आली.

आप्पा उठले. फ्लेक्सजवळ गेले, चष्मा कपाळावर सारला, एका मण्यावर अंगठा ठेवला आणि दाबून घासला. मग अंगठा डोळ्यांसमोर धरून बघितला. सव्वीस वर्षांत मी हे हजार वेळा पाहिलंय. मण्यावरची पांढरी भुकटी अंगठ्याला लागते का, हे शेतकरी असंच बघतो. ती लागली, की भुरी.

मी वळलो.

सलीमभाई खरं बोलले होते. माझं पहाटेचं दव फ्लेक्सवर राखाडी उतरलं होतं. सहा फुटी घडाच्या एकूण एक मण्यावर राख फासल्यासारखी भुरी. विलासचा मार्बल इफेक्ट म्हणजे पानावर तेल सांडल्यासारखे पिवळे डाग, म्हणजे डावणी. अगदी पहिल्या टप्प्यातली, पाठ्यपुस्तकात छापावी अशी. आणि ती रुबाबदार चॉकलेटी किनार म्हणजे कडेने वाळत आलेलं पान. करपा. एका वेलावर तिन्ही रोग एकाच वेळी मी आयुष्यात कधी पाहिले नव्हते. ते बघायचा योग माझ्याच नावाखाली होता. वर मोठ्या अक्षरांत 'वेलबंध कृषी सल्ला', खाली माझा फोन नंबर, मधे मेलेली बाग.

दहा-बारा दिवस हा घड माझ्या फ्रिजवर होता. दिवसातून दहा वेळा मी त्याच्या नाकासमोरून पाण्याची बाटली काढत होतो.

"भुरी हाय," मागून कोणीतरी म्हणालं.

"भुरी तर हायेच. पण पान बघ ना. डावणी हाय ती."

"दोन्ही संगट कशी येईल?"

"अरे पण कडा बघ. करपा बी हाय."

"आप्पा, बागच काढून टाकावी लागंल ही."

शेतकरी उठून फ्लेक्सभोवती गोळा झाले. एकाने पान उलटून बघण्यासाठी फ्लेक्सची मागची बाजू तपासली. मग आप्पा माझ्याकडे वळले.

"साहेब, परीक्षा घेता का आमची?"

मला दोन श्वास मिळाले. पहिल्या श्वासात मला काउंटर दिसलं. दुसऱ्यात मी म्हणालो, "बरोबर ओळखलंत, आप्पा."

विलासच्या हातातलं टोक अर्धा फूट खाली आलं. मी कोपऱ्यातली काठी उचलली आणि सुरू झालो. भुरी आधी कुठे बसते, ओल कशी धरते, डावणी पहाटे कशी ओळखायची, करपा आणि खताची मात्रा जास्त झाल्याने जळलेलं पान यांत फरक काय. पाऊण तास बोललो. इतकं चांगलं मी निरोपाच्या भाषणातही बोललो नव्हतो. शेतकरी प्रश्न विचारत होते, आपापसात भांडत होते, एकाने मोबाइलमध्ये आपल्या बागेचा फोटो काढून फ्लेक्सशेजारी धरला. दाढीवाला सल्लागार टॅब मांडीवर पालथा घालून ऐकत होता. गौरीचे हात भरून आले होते, पण तिने टोक सोडलं नाही. मला वाटलं, सुटलो.

"चित्रं आणणारे समदे चांगली चांगली आणत्यात," आप्पा म्हणाले. "रोगाचं चित्र घेऊन आलेला पहिलाच माणूस. आता एक करा साहेब, तुमचं कार्ड द्या. नंबर लिहून घेतो."

मी हातानेच खोक्याचा दोरा सोडला. हातानेच कार्ड दिलं. देऊन झाल्यावर डोकं चाललं.

आप्पांनी कार्ड लांब धरलं. मग जवळ आणलं. मग अंगठा त्या चिमुकल्या घडावर ठेवून घासला.

"साहेब," ते हळूच म्हणाले, "परीक्षा कार्डावर बी घेता?"

 मी तोंड उघडलं. आणखी एक थाप तयार होती, अगदी जिभेवर; की हे कार्ड खास शेतकऱ्यांच्या जागृतीसाठी वगैरे. पण गौरी माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत राग नव्हता, त्याचंच वाईट वाटलं. बाप आता कुठल्या पायरीपर्यंत उतरतो, एवढंच ती बघत होती.

"आप्पा," मी म्हणालो, "हा माझा लोगो आहे."

"काय हाय?"

"लोगो. माझ्या धंद्याची खूण. पोरीने एका रेघेचं सुंदर पान काढलं होतं, त्यांच्यासारखं." मी दाढीवाल्याच्या बॅनरकडे बोट केलं. "मी त्याच्यावर दव घातलं. मेहुण्याने मार्बल. छापून आल्यावर उघडून बघितलं नाही. आत्ता तुमच्यासमोर पहिल्यांदा बघतोय. रोग आहे हे तुम्ही अंगठा लावलात तेव्हा मला कळलं."

कोणी हसलं असतं तर बरं वाटलं असतं. कोणी हसलं नाही. आप्पा एवढंच म्हणाले, "तुम्ही बसा. चहा घ्या. आम्ही बोलून येतो."

चौदाही जण शेडबाहेर लिंबाखाली जाऊन उभे राहिले. मला ऐकू येत नव्हतं, फक्त हात हलताना दिसत होते. माझं कार्ड एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जात होतं, आणि ज्याच्या हातात जाई तो आधी त्यावर अंगठा घासून बघत होता.

"दाजी," विलास कुजबुजला, "सोमवारपासून या. गुरुवारी माल उतरतो, त्याच्या आधी थोडी सवय होईल."

"मामा, गप्प बसा," गौरी म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "बाबा, तुमचं भाषण चांगलं झालं. खोटं होतं तेवढाच भाग सोडला तर."

दाढीवाला मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. "सर, ते करप्याचं आणि खताने जळलेल्या पानाचं जे सांगितलंत, ते मला परत सांगाल का?" मी सांगितलं. तेवढाच दहा मिनिटं जीव रमला. आणि त्याने काका म्हटलं नाही, हेही मनात नोंदलं.

आप्पा आत आले. मागे सगळे.

"या पोराचं समदं बरोबर हाय," ते दाढीवाल्याकडे बघून म्हणाले. "चूक नाय काढत त्याच्यात. पण मागल्या वर्षीचा सल्लागार बी असाच चांगलं चांगलं सांगत होता. बागेत डावणी घुसली तरी म्हणायचा, काय नाय, ऊन लागलंय. तोडणीला कळलं." ते माझ्याकडे वळले. "तुम्ही आधी थाप मारली."

"मारली."

"अन् मग स्वतःच्या धंद्यावरची भुरी चौदा माणसांत कबूल केली. जो आपली लपवत नाय, तो आमची बी लपवणार नाय. नऊ जण तुमच्या बाजूनं, पाच जण म्हणत्यात डोळे तपासून घ्या. दोन्ही करू."

मी काही बोलणार, तोच आप्पांनी बोट वर केलं. "एक अट हाय. हा फ्लेक्स इथंच शेडात टांगायचा. बदलायचा नाय. मजुरांना दाखवायला असलं चित्र आम्हाला कुठं भेटणार? अन् कार्डं चौदाच्या चौदा घरांत वाटायची."

"आप्पा, तो बदलतो मी. मुलगी चांगला करून देईल..."

"हंगाम संपल्यावर बदला."

मी बाहेर येऊन सुलभाला फोन केला. काम मिळालं म्हणालो. तिने विचारलं, "आणि लोगो आवडला त्यांना?" मी म्हणालो, "इतका, की परत देत नाहीत."

त्या हंगामात मी चौदा बागांतून फिरलो. डोळे तपासून घेतले. दूरचा नंबर वाढला होता. भुरी, डावणी, करपा ही नावं मात्र त्या गावात त्या वर्षी कोणी घेतली नाहीत. सकाळी सहाला फोन वाजायचा आणि पलीकडून घाबरा आवाज यायचा, "साहेब, लवकर या, वढ्याकडच्या तिसऱ्या ओळीत तुमचा लोगो दिसायला लागलाय. काय फवारू?"

मी सांगायचो. आणि चार दिवसांनी स्वतःहून फोन करून विचारायचो, "लोगो गेला का?" पलीकडून "गेला साहेब, पार नाहीसा झाला" असं ऐकू आलं, की त्या रात्री मला शांत झोप लागायची. आपला लोगो तालुक्यात कुठेही दिसू नये म्हणून इतकं राबणारा धंदेवाला दुसरा कोणी असेल, तर त्याचा पत्ता मला कळवा. एकमेकांची कार्डं घेऊ.